उजेडात ठेवू नये

तेओफिलो ओतोनीच्या बाजारात
माझं टेबल जिन्याखाली आहे.
तिथं ऊन येत नाही, आणि तेच बरं,
कारण आमच्याकडे एक माल असा आहे
ज्याला ऊन खातं.

फिकट बेरिल, पेजेच्या निवळीसारखं,
पुडीत बांधून आम्ही कोबाल्टच्या खोलीत पाठवतो.
तिथल्या भिंती माणसाच्या उंचीइतक्या जाड.
आत कुणी नसतं. खडे असतात
आणि ते किरण, ज्यांना ना झळ ना वास.
परत येतं तेव्हा पुडी तीच, गाठ माझीच,
आत मात्र निळं,
शाईची दौत कलंडावी तसलं निळं.

माझा भागीदार ओनोफ्रे गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत नसे.
मीही सांगत नसे. पावतीच्या मागे लिहायचो,
बारीक अक्षरात: उजेडात ठेवू नये.

दोना देजानिरांनी पावती उलटून पाहिली नव्हती.

एकोणीस वर्षं बेकरीत रात्रपाळी.
पहाटे घरी, पडदे ओढून झोप,
दिवेलागणीला उठायचं.
कोंदणात पीठ अडकायचं, तेवढंच.
खडा जसाच्या तसा.

मार्चमध्ये नोकरी संपली.
त्यांनी खुर्ची अंगणात काढली,
मांडीवर शेंगांची परात घेतली
आणि बसल्या. शेंगा संपल्या तरी बसल्या.

काल अंगठी माझ्यापुढे ठेवली.
आत पाणी. नुसतं पाणी.
हात उन्हानं रापलेला, कोपरापर्यंत तांबूस,
आणि बोटावर, अंगठी होती तिथं,
एक गोरा पट्टा.

मी म्हटलं, पुन्हा पाठवू, पैसे नकोत,
जूनअखेर होती तशी होऊन येईल.
त्या म्हणाल्या, "आणि मग मी कुठं बसू?"

मला काही सुचेना. उगाच
कोंदणाचे पंजे उचकटले, खडा काट्यावर ठेवला,
जुनी वही काढून पान शोधलं.
तेव्हा २.३१ कॅरेट.
आताही २.३१.

त्यांनी दोन्ही आकडे बोटानं वाचले.
"म्हणजे गेलं काहीच नाही.
मग मी पैसे कशाचे दिले होते?"

आतल्या खोलीत ओनोफ्रे खाकरला.

मी खडा परत बसवला, पंजे दाबले.
अंगठी घालून त्या जिना चढल्या,
वर दार उघडल्याचा आवाज आला,
आणि पायरीपायरीनं खाली उतरत
माझ्या टेबलाच्या कडेपर्यंत
ऊन आलं.

मी हातानं खण लोटला.