हळकुंड

सांगलीच्या मार्केट यार्डात पहिले सहा महिने
पारिसअण्णांनी मला भाव बोलू दिला नाही.
"डोळं झाक आधी. रंग लबाड असतोय,
पॉलिश काय, कुणीबी करतंय."

मग तळहातावर एक हळकुंड.
"मोड. कानाजवळ धरून."
वाळलेलं खणकन बोलतं;
आत ओल राहिली असेल
तर आवाज गिळल्यासारखा येतो.

वास सकाळीच घ्यायचा,
दुपारपर्यंत नाकही पिवळं होतं.
आणि जीभ?
"तंबाखू सोड, मग बघू."
मी वर्षभर सोडली नाही.
अण्णा थांबले.

आता पोत्यात कोपरापर्यंत हात घातला
की राजापुरी का सेलम, बोटं सांगतात.
चहाचा पहिला घोट घेतला की कळतं,
गाड्यावर आज शिवाप्पा नाही, त्याचा पोरगा आहे.

काल रात्री घरी आलो.
तू पाठमोरी, भांडी विसळत होतीस.
"काय झालं?"
"काही नाही."

मोडलेला तुकडा कानाशी धरावा
तसे ते दोन शब्द धरून
मी उंबऱ्यात उभा राहिलो,
पिवळ्या हातांनी,
भाव न बोलता.