माहितीदार क्रमांक सात

चाळीस वर्षांनी लायडनहून पाकीट आलं.
आत आमचं घर, एका कागदावर मावलेलं.
पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ,
लग्न म्हणजे बरोबरचं चिन्ह,
आणि मेलेल्या माणसावर तिरपी काट.
खाली बारीक अक्षरात माहितीदारांची यादी.
क्रमांक सात मी. मुलगा, वय अकरा. नाव नाही.

लीस्बेत आली त्या सकाळी
सिंगालांगचा डोंगर ढगात होता,
चटईवर दालचिनीच्या साली पसरलेल्या.
ती पायरीवरच बसली, वही उघडली
आणि मला विचारायला सांगितलं:
या घराचा मालक कोण?
रोस्निदार मावशीला प्रश्न कळला नाही.
मी दुसऱ्या शब्दांत विचारला. तरी नाही.
मालक कसला? घर आईचं, तिच्या आधी तिच्या आईचं.
पुरुष अंधार पडल्यावर येतो
आणि कोंबड्याच्या आधी चपला शोधतो.
लीस्बेतने लिहिलं: मातृवंश.

मग माझी पाळी. तुला आया किती?
तीन, मी म्हणालो.
तसं नाही, जन्म दिलेली?
मी तिघींकडे बघितलं.
तिघीही तांदूळ निवडत होत्या,
एकीनेही मान वर केली नाही.
तिने तीन वर्तुळं काढली, दोन खोडली,
मग खोडलेली पुन्हा काढली.
मामाक म्हणजे आईचा भाऊ. फी त्याने भरायची,
कान त्यानेच पिळायचा.
आणि वडील?

त्या दिवशी खोडावरची राख हा वाक्प्रचार
मी पहिल्यांदा परक्या भाषेत नेला.
जावई म्हणजे खोडावरची राख.
वारा आला की गेली.
माझ्या बापाला वारा मलाक्काकडून आला होता.
दोन पत्रं आली, एक मनीऑर्डर,
मग काही नाही.
जिवंत की मृत? लीस्बेतने पेन धरून ठेवलं.
मावशी म्हणाली, रांताऊला गेलाय.
म्हणजे परदेशी.
सहा वर्षं?
रांताऊला गेलाय.
पेन त्रिकोणावर टेकलं, अर्ध्यात थांबलं.
अर्धी काट. कागदावर अजून आहे.
बाजूला प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या पानावर 'विधी' असं शीर्षक.
भाताची कापणी, नावं ठेवणं, छपराला शिंगं बसवणं.
आणि शेवटी:
'ऊन पडलं की बहीण क्र. ३ पुरुषाच्या चपला धुते.
कारण विचारलं. उत्तर: मळल्यात.
तपासावे.'

कुणी तपासलं नाही.
मी त्या वाक्यावर बोट ठेवून किती वेळ बसलो,
काव्हाचा करवंटीतला पेला गार झाला.

जायच्या आदल्या रात्री मावशीने तिची वही ओढून घेतली.
आता तुझं घर काढ.
लीस्बेतने एक वर्तुळ काढलं, वर आई, वर बाप,
बाप खोडला. झालं.
मावश्या? नाहीत.
पोरी, हे झाड आहे की खुंटी?
आणि मावशीने, जिला अक्षर येत नव्हतं,
पेन मुठीत धरलं, हळद वाटल्यासारखं,
आणि आमच्या तीन वर्तुळांपासून त्या एकट्या वर्तुळापर्यंत
एक जाड, वाकडी रेघ ओढली,
पान संपलं तर पुढच्या पानावर नेली.

ती रेघ प्रतीत आली आहे.
कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: शाईचा डाग,
आकृतीत धरू नये.

पाकिटात एक फॉर्मही आहे.
दुरुस्त्या असल्यास कळवाव्यात.
मी सातव्या क्रमांकापुढे युस्मार्दी लिहिलं.
शाईच्या डागापुढे 'रेघ' लिहिलं.
अर्ध्या काटेपाशी आलो आणि उठलो.

आई आता पायऱ्या उतरत नाही.
बाहेर ऊन आहे.
चपला मीच धुतो.
माझ्या पायाला त्या केव्हाच लहान झाल्यात.