दगड घासणारी

दगडावरची रेघ मिटत नाही, म्हणतात.
म्हणणाऱ्याने छापखान्यात कधी हात घातलेला नसावा.
मी मिटवते. आठवड्याला सात-आठ.
ओली वाळू, तिच्यावर दुसरा दगड उपडा,
आणि फिरवत राहायचं
खांद्यात कळ येईपर्यंत.
आधी खरखर होते, मग नुसती सळसळ.
तीही थांबली की समजायचं,
बाई गेली.

बायकाच असतात बहुतेक.
आन्टवर्पच्या गोदीमागे तीन नाचघरं,
दर शनिवारी नवं नाव, नवी टोपी, नवं पीस,
आणि भिंतीभिंतीवर यूस्टासची चित्रं.
दगडावर सगळं उलटं असतं.
मला या बायका उलट्याच पाठ.
ला कापुसीन एकदा मासळीबाजारात दिसली,
हिरवे रेशमी मोजे, हातात बांगड्यांची टोपली
(बांगडा मासा, दुसरं काही नाही),
आणि मला वाटलं, हिचा तीळ चुकलाय.

पूर्वी यूस्टास सगळं काढायचा.
झुंबराचा लोलक न् लोलक,
पहिल्या रांगेतल्या सावकारांच्या मिशा,
गाणारीचे दातसुद्धा मोजून.
मग एका खलाशाने उधारी फेडायला
चहाच्या पेट्यांतून आलेले सहा कागद दिले.
जपानचे.
त्याने ते शेगडीवर टाचले
आणि तीन दिवस काम केलं नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत बघायचे.
एकात होडी, पण अर्धीच.
उरलेली अर्धी कागदाबाहेर निघून गेलेली,
आणि कुणी तिला हाक मारलेली नाही.
एकात पाठमोरी बाई, दातांत कंगवा,
ओले केस वर धरलेले,
मान म्हणजे दोन रेघा,
मध्ये कोरा कागद.
त्या कोऱ्या कागदाला ऊब होती.
शेगडीची नव्हे. मी हात लावून पाहिला.

त्यानंतर तो गाळायला लागला.
झुंबर गेलं. सावकार गेले.
सावल्या गेल्या, मला जरा वाईट वाटलं,
सावल्या घासायला सोप्या असतात.

कापुसीन आली बसायला, फर काढला,
खाली तीच फिलोमेना, कोळ्याची पोर,
अंगाला अत्तर आणि अत्तराखाली खारा वास.
म्हणाली, तोंड रोज रात्री विकते,
दोन फ्रँक, बिअर वेगळी.
तुला ते नको देऊ.
आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसली,
वर बघत शेगडीवरच्या त्या बाईकडे.
दोघी पाठमोऱ्या.
यूस्टासला काय बोलावं सुचेना.
मी पाणी बदलायला गेले.

ते चित्र तुम्ही पाहिलं असेल, गोदीच्या भिंतीवर.
रंगमंच सोडून निघालेली, मान उघडी,
एका हातात पिवळी छत्री, मिटलेली.
बाकी सगळा कागद मोकळा.
फक्त खाली कोपऱ्यात, कडेने कापलेला,
कुणाचा तरी कोपर, वर सरकवलेली बाही.
पडदा ओढणारी आहे, तो म्हणाला.
बाहीला ठिगळ होतं.
तिरपं, निळ्या दोऱ्याने घातलेलं.
दोरा संपला म्हणून एक टाका कमी.
चारशे प्रती निघाल्या. कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

पंधरा दिवसांनी दगड माझ्याकडे परत आला.
वाळू घातली. पाणी.
छत्री आधी गेली, मग मोजे, मग ती मान,
जिला घासायला असं काही नव्हतंच.
कोपरा मागे ठेवला होता मी.
दुपार झाली. यूस्टास दारात येऊन उभा राहिला,
त्याला पुढचा दगड हवा होता, शनिवार जवळ आलेला.
म्हणाला, राहू दे हवं तर तेवढा कोपरा,
त्यावर काही काढणार नाही.

मी बाही वर सरकवली.
दगड महाग असतो.
फिरवला, फिरवला, त्याच हाताने,
खरखर, मग सळसळ,
मग माझा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.