काठावर

जूनच्या बारा तारखेला, बस थांब्याच्या काचेआड,
मी निकाल उघडला.
संख्याशास्त्र एकतीस. पेशीरसायन अठ्ठावीस.
बाकीचे चार विषय सुटले होते,
पण अशा वेळी डोळ्यांना चार दिसत नाहीत.
बस आली. ड्रायव्हर दार उघडून थांबला.
मी नुसतीच मान हलवली,
कशाला नाही म्हणत होतो कुणास ठाऊक.

नापास होणं हे एका दिवसाचं काम नव्हे.
नोव्हेंबरात एक तास बुडाला,
सर्दीमुळे, खरोखरच्या सर्दीमुळे.
पुढच्या तासाला फळ्यावरचं काहीच ओळख देईना
म्हणून त्याच्या पुढच्याला गेलो नाही.
मग सर समोरून येताना दिसले की
कोपऱ्यावरच्या दुकानात शिरायचो,
आणि शिरलो की काहीतरी घ्यायला लागतंच.
नाताळापर्यंत खोलीत बिस्किटांचे अकरा पुडे.

मॅम मर्थरला सलूनमध्ये केस धुते.
मान मागे टाकलेल्या प्रत्येक बाईला
ती वर्षभर सांगत होती,
आमचा येस्टिन आबरिस्टविथला आहे, जीवशास्त्राला.
तिला फोन केला तेव्हा
मागे ड्रायर चालू होता, मग बंद झाला.
बराच वेळ बंदच.
"म्हणजे ऑगस्टचं भाडं लागेल तुला," ती म्हणाली.

प्रॉसर बाईंच्या दाराबाहेर वीस मिनिटं बसलो.
त्यांनी धीरबीर दिला नाही.
विचारलं, "समजलेलं शेवटचं पान कुठलं?"
मी वही उलटत गेलो, मागे, आणखी मागे,
कान तापत गेले,
पान नऊ. ऑक्टोबर.
"बरं," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीला टोक काढू लागल्या.

ऑगस्टमध्ये हे गाव आमचं नसतं.
वाळूचे पाय घेऊन पाहुणे येतात,
ओशिअन त्याची किटली माझ्या भरवशावर टाकून घरी गेलेला,
आणि मी डेलिथच्या दुकानात बटाटे तळतो, अकरा ते चार.
तळणाच्या कागदावर सूत्रं लिहायचो.
एकदा तेल सांडलं आणि
प्रमाण विचलन आरपार दिसू लागलं.
कळलं नाही अजून, पण दिसलं तरी.
गिऱ्हाइक नसलं की डेलिथ विचारायची,
"सरासरी आणि मध्यक यात फरक काय रे?"
तिला दोन्ही नको होतं.
मी सांगायचो, ती व्हिनेगर भरत ऐकायची,
"पुन्हा सांग, हळू."

फेरपरीक्षेचा नियम असा:
कितीही लिहा, गुणपत्रिकेवर चाळीस.
नव्वदाचा पेपर लिहा, चाळीस.
व्यायामशाळेत आम्ही तेवीस जण,
एकमेकांकडे न बघण्यात तरबेज.
चाळिसापुरतं लिहून झालं तेव्हा
घड्याळात पन्नास मिनिटं उरलेली.
उठता आलं असतं.
पण सहावा प्रश्न चांगला होता,
समुद्रशिंपल्यांच्या जाडीचा, दोन किनारे, एक शंका.
मी तो पूर्ण सोडवला.
ते गुण कुणाच्याच खात्यावर जाणार नव्हते.
शेवटच्या ओळीखाली पट्टीने रेघ मारली.

बाहेर येऊन किनाऱ्याचा रस्ता टोकापर्यंत चाललो.
तिथल्या लोखंडी दांडीला पाय मारून परत फिरायचं,
अशी इथली रीत, का ते कुणी सांगत नाही.
वर्षभर तासांना दांडी मारणाऱ्याने
दांडीला मारली, जरा जास्तच जोरात.
अंगठा दोन दिवस सुजलेला.

चाळीस. चाळीस.
काठावर पास, समुद्राच्या काठावर.
मॅम म्हणाली, "चाळीस म्हणजे किती पैकी?"
आणि उत्तराआधीच रडली.
डेलिथने मोठा मासा फुकट दिला,
मग फरशी पुसायला लावली.

यंदाही नोव्हेंबरात सर्दी झाली.
कोटाच्या खिशात टॉयलेट पेपरचा आख्खा रोल कोंबून
तासाला गेलो.
निम्मं कळलं नाही.
शेजारच्या मुलीने रोल मागितला.