गरमच्या नळाला गार

डिसेंबरचा दुसरा आठवडा. वारज्यात पारा नऊवर,
आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे सहापासून एकच ओरड:
सोलरला गरम येत नाही.
मी सेक्रेटरी.
म्हणजे सोळा घरांच्या बादल्यांचं पाप माझ्या माथी.

आधी टँकरच्या पाण्याला नावं ठेवून झाली,
मग ढगांना, मग मागच्या कमिटीला.
पानसे म्हणाले, सरळ गीझर लावतो, बिल सोसायटीने भरावं.

इलाही मुलाणी आला साडेसातला, कानटोपीतच.
गच्चीवर काचेच्या नळ्या मोजल्या. फुटकी एकही नाही.
टाकीतून निघणाऱ्या पाइपला उलटा हात लावला,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि झटकन मागे घेतला.
"टाकी तापलीय, ताई. दुखणं खाली आहे."

मला वाटायचं, वर एखादा पंप असेल.
तो हसला. पंप कशाला?
तापलेलं पाणी हलकं होतं, आपसूक वर चढतं,
गार जड, ते तळाला बसतं.
दिवसभर नुसती ये-जा, आवाज नाही, वीज नाही.
"फक्त मधे कुणी आडवं यायला नको."

मग त्याने गरमचा मोठा वॉल्व बंद केला
आणि मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं: गरमचा नळ सोडा.
सोडला. धो धो पाणी.
वरून बंद, तरी खाली पाणी.
मग हे येतंय कुठून?

जिन्यातच त्याने बोटांनी दाखवलं:
कुठल्या तरी बाथरूमात मिक्सरचे दोन्ही कान उघडे आहेत
आणि तोंड तेवढं बंद.
गारचा जोर जास्त. ते मिक्सरमधून उलटं घुसतं गरमच्या लायनीत,
आणि सगळ्या बिल्डिंगला गार आंघोळ.

मग दारोदार.
सेक्रेटरी असून सात वर्षांत मी कुणाचं बाथरूम पाहिलं नव्हतं.
ढमढेऱ्यांकडे बादलीत भिजलेले शाळेचे मोजे,
पानशांच्या आरशाला चिकटवलेल्या तीन टिकल्या
(वहिनी जाऊन दोन वर्षं झाली),
वरच्या भाडेकरू पोरांकडे साबणाचा पत्ताच नाही.
इलाही प्रत्येक मिक्सर पिळून बघत होता. बंद. बंद. बंद.

पंधरा घरं झाली.
"ताई, तुमचं?"
आमचं कसं असेल, म्हटलं. आम्ही दोघंच.
आणि मागचं बाथरूम तर वापरतच नाही,
शाल्मली गेल्यापासून.

कडी काढली.
भिंतीला अजून बाळाच्या टबाची ओली कड, वाळून पांढरी झालेली.
हँडशॉवर आकड्यावर, खटका बंद.
आणि मागे दोन्ही कान उघडे:
गरम पाऊण, गार थोडंसं.
रोज कोपर धरून, पुन्हा पुन्हा फिरवून
तिने एकदा जुळवलं होतं,
मग हात लावू द्यायची नाही कुणाला.
खटका दाबायचा, की बाळाला चालेल असं पाणी.
ऑक्टोबरात ती नाशिकला गेली.
पाणी तिथेच जुळलेलं राहिलं,
थंडीत लोकांनी गरमचा नळ सोडेपर्यंत कुणाला कळलंही नाही.

इलाही दारातच थांबला. पान्याशी खेळत बसला उगाच.
मी खटका दाबला, कोपर धरलं.
गारठण.
वरचा वॉल्व बंदच होता की.

फिरवले दोन्ही कान. गरमचा जरा घट्ट होता, क्षार बसलेला.

अर्ध्या तासात ग्रुपवर: आलं. आलं. आमच्याकडेपण आलं.
इलाहीने दीडशे घेतले, चहा नको म्हणाला.
मी सूचना टाकली:
वापर झाल्यावर मिक्सरचे दोन्ही नळ पूर्ण बंद करावेत.
खाली लगेच पानशांचा प्रश्न:
कुणाकडे होतं ते?

संध्याकाळ झाली. अजून उत्तर दिलेलं नाही.