पंच नंबर दोन

कोर्लईच्या खाडीवरचा बंगला. सकाळचे अकरा वाजून दहा.
भरती अर्धी.
पंच नंबर एक : जेरोम मार्तीस, धंदा मच्छी.
पंच नंबर दोन : मी. धंदा चिरा लावणे.

निरीक्षक कानविंदे बाई वाचतात :
पोर्तुगालातल्या सेतुबालच्या कोर्टाने
दिल्लीमार्फत, अलिबागमार्फत विनंती केली आहे की—
विनंती!
जेरोम गालात हसतो.
मागे तिकडून आले तेव्हा गलबतांवर तोफा होत्या,
आणि डोंगरावरची जागा मागायला
कुणी अर्ज केला नव्हता.

आता कागद. कागदाला फीत, फितीला लाख,
खाली तर्जुमा, तर्जुम्याला वेगळा शिक्का.
निघून दोन वर्षं झाली याला, बाई म्हणतात.
एका टेबलावर तर अख्खा पावसाळा निजला होता.

मूळ कागदातला एक शब्द जेरोमने बोटाखाली धरला.
लेइलांव. अरे, लिलाव हा!
मग चावी सापडली. मग पगार,
तिकडे त्याचा अर्थ फेडणे, म्हणाला.
तुरुंग कुठे दिसेना. असेल पुढच्या पानावर.
एवढी वर्षं आपले म्हणून वापरतोय हे शब्द,
परत कुणी मागितले नाहीत.

शेवटी यादी. त्रेसष्ट नावं.
बहुतेक बायका, डब्यांत तारली भरण्याच्या
कारखान्यात जन्म काढलेल्या.
सत्ताविसावी इर्मेलिंदा, वय एक्याऐंशी,
गेले अकरा हजार चारशे युरो.
जेरोमच्या बायकोने गेटाबाहेरून विचारलं,
तिच्या पण हाताचा वास जात नसंल, नाय?
बाई म्हणाल्या, हे पंचनाम्यात येत नाही.

झुंबर एक. एसी सहा.
न्हाणीत संगमरवरी टब, त्यात पालीची अंडी.
कंपाउंडची भिंत, जांभा, दोनशे दहा फूट—
ती मी बांधली.
रोजचे नऊशे, शनिवारी रोख.
मालकाचा हात कधी आखडला नाही,
दिवाळीला वर पेढ्यांचा पुडा.
त्यातून पोरीच्या नर्सिंगची फी गेली,
दाताचा डॉक्टर गेला,
उरलं ते कुठे गेलं ते मलाच ठाऊक.

मी म्हटलं, बाई, माझी मजुरी पण ह्याच पैशातली.
ती कुठल्या रकान्यात?
त्यांनी पेन थांबवलं.
घाम गाळलात ना? मग ती तुमची.
कायद्याने बरोबरच असेल.
मी सही केली. ती जरा तिरकी आली.
कुलपावर लाख ठिबकली, एक थेंब उंबऱ्यावर.

निघताना हात लावला तर
गेटाजवळचा कोपऱ्यातला चिरा हलत होता.

दुसऱ्या दिवशी घमेलं, थापी, अर्धी गोण सिमेंट
घेऊन गेलो. भिंत बाहेरूनच; सील मोडत नाही.
जेरोम होडीवरून ओरडला,
बंद घराला कसला मुलामा? पैसे कोण देणार?
कुणी नाही, म्हटलं. लिलावात भाव बरा येतो.
कोणासाठी पण?

सत्तावीस नंबर, म्हटलं.
ये इकडे, ओळंबा धर.