तेरावा

झाहेदानच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर आकडा काढून दाखवला:
तुमच्या लेकीच्या रक्तात तेरावा नाही.

दुष्काळातला तेरावा महिना मला ठाऊक होता.
रक्तालाही तेरावा लागतो, हे नवीन.

बाकीचे येतात, म्हणाल्या, वेळेवर, धावत,
जखमेवर जाळं विणतात.
हा सगळ्यात शेवटी येतो
आणि गाठ मारतो.

एवढं मात्र कळलं.
चाळीस वर्षं मी बायकांच्या बाह्यांवर लाल रेशीम भरते आहे.
गाठ न मारलेला टाका त्या दिवशी शाबूत दिसतो,
गिऱ्हाईक पैसे मोजून जातं.
उसवतो तो नंतर,
अंगावर.

माझ्या पहिल्याची नाळ मीच बांधली होती,
दोऱ्याने, दोनदा.
पहिला दिवस कोरडा. दुसराही.
सहाव्या रात्री नाव ठेवायला बायका जमल्या
आणि दुपट्याखाली ओलं लागलं.
मला वाटलं, शू केली.
दिवा जवळ आणला.
सासू म्हणाली, हिने नाळ कच्ची बांधली.
तीस वर्षं मी ते खरं धरून चालले.

माहगंजची बेंबीही गळली होती. थांबली.
का थांबली, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना.
तिचे तीन गेले, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच.
त्यांना बेंबीपर्यंत पोचायलाही मिळालं नाही.

"नवरा कोण?"
"मामेभाऊ."
बाईंनी मान वर न करता लिहून घेतलं.
मुलगी घरात राहावी म्हणून दिली होती, बाई,
माझ्याच भावाच्या घरात.

चौथ्या खेपेला शाहदोस्तने पिकअप काढली.
दर तीन आठवड्यांनी खाश ते झाहेदान, झाहेदान ते खाश,
शेजारच्या सीटवर बर्फाची पेटी,
तिला पट्टा लावलेला, माणसासारखा.
एकदा वाळूचं वादळ.
एकदा औषधच आलं नव्हतं:
पुढच्या मंगळवारी बघा.
तो मंगळवार उजाडेपर्यंत
माहगंज उशीवर पाय टाकून पडून होती,
खिडकीतून तफ्तानचा धूर बघत.
कुणी तिला हसवायचंसुद्धा नाही, असं मीच ठरवलं.
तिने ते ऐकलं आणि हसली.

कळा सुरू झाल्यावर आधी सुई, मग बाकी सगळं.
नर्स घड्याळ बघायची,
मी चादर.

मुलगी झाली.
तिच्या रक्ताची बाटली तेहरानला गेली आहे,
बोटाएवढी.
रिपोर्ट अजून नाही.

आज सहावी रात्र.
बायकांना मी दहाव्या दिवसाचं सांगितलंय,
कारण दिलं नाही.
दिव्याऐवजी मोबाइलचा उजेड.
तासातासाला दुपटं उघडते.
बेंबीवरचा कापूस पांढरा.
झाकते. परत उघडते.
पांढराच.

"काय गं आई?" माहगंज झोपेतच विचारते.
काही नाही.
गाठ बघत होते.